वहिनींच्या गोदामाला आग न लागल्याची हकिकत

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमलेलं नाही. कार्यातली जेवणं उरकली, सतरंज्या पसरल्या, की कुणीतरी म्हणतं, "ह्याला तेवढं सुरू करू नका," आणि तेवढ्यानं मी सुरू होतो. माझ्या गोष्टीत मांजराचा बिबट्या होतो, गुडघाभर ओढ्याला पूर येतो आणि भोरच्या एसटी स्टँडवर मला हटकणारा शिपाई पुढच्या दिवाळीपर्यंत फौजदार झालेला असतो. पण ही एक हकिकत मला जशीच्या तशी सांगावी लागते, कारण तिचा व्हिडिओ आहे. शेजारच्या आबांच्या जावयानं तो मोबाईलवर काढला आणि आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत फिरवला. त्यात मी स्पष्ट दिसतो. ऐकूही येतो.

दुसरी अडचण अशी की ह्या हकिकतीत गोदाम पेटत नाही. ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो.

"मग? लागली का आग?"

"गोदामाला नाही."

"थोडी तरी?"

"एक दाणा करपला नाही."

माणसं जांभई देऊन सुपारी शोधायला लागतात. मला मात्र आमच्या घरात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ती घडली नाही, आणि ती वहिनींनी घडू दिली नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर वेल्ह्याच्या पलीकडचं, डोंगरातलं. मी भोरला एका कॉलेजच्या कार्यालयात बसून पोरांना दाखले देतो. दादा-वहिनी गावाकडं, वेल्ह्याच्या रस्त्याला. घराच्या मागं भाताची खाचरं आणि खाचरांच्या कडेला पत्र्याचं एक लांबडं शेड. दादांनी ते कोंबड्यांसाठी बांधलं होतं. कोंबड्या काही त्यांना लाभल्या नाहीत. मग बरेच दिवस त्या शेडमध्ये आमच्या घरातल्या मोडक्या खाटा आणि दादांचा पडलेला चेहरा एवढंच असायचं. वहिनींच्या बचत गटानं ते झाडून घेतलं, खाली लाकडी फळ्या टाकल्या आणि भाताची पोती ठेवायला सुरुवात केली. पुढं त्यात लोकांचं बियाणं आलं.

बियाण्याचं असं आहे. पूर्वी आमच्याकडं घरटी एक कणगी असायची, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. पुढच्या सालचं बी तिच्यात. घरं सिमेंटची झाली, कणग्या गेल्या, उंदीर तेवढे राहिले. पोत्यातलं बी एक तर उंदीर खायचे, नाहीतर भिंतीची ओल लागून त्याचा उगवा जायचा. दुकानात पाकिटातलं बी मिळतं, नाही असं नाही. पण ह्या खोऱ्यातलं जुनं आंबेमोहोर, रायभोग आणि आमच्या वरच्या वाडीत पिकतं ते नाव नसलेलं तांबडं भात कुठल्याच दुकानात नाही. ते फक्त गेल्या वर्षीच्या पोत्यात असतं. पोतं गेलं की ते भात गेलं.

वहिनींनी सगळ्यांना सांगितलं, "आना हितं. म्या सांभाळते." आसपासच्या वाड्यांतून पोती आली. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी. हिरवी काठाची कुणाची, जांभळी कुणाची, बायकांना सगळं पाठ. पोती आली त्या आठवड्यातच वहिनींची झोप उडाली.

"लोकांची लेकरं सांभाळाय घेतल्यागत झालंय, भावजी," त्या मला म्हणाल्या. "माझं जळलं तर म्या रडून मोकळी हुईन. त्यांचं जळलं तर रडाय बी तोंड न्हाई."

म्हणजे पाण्याची, उंदराची, चोराची भीती होतीच. पण त्यांच्या मनानं धरली ती आग. त्यांच्या माहेरच्या डोंगरांना दर उन्हाळ्यात वणवा लागायचा, त्यामुळे आग म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गोदामात दिवा नको म्हणून कोंबड्यांच्या वेळची, उंदरांनी कुरतडलेली वायर त्यांनी मुळापासून काढून टाकली. दिवस मावळायच्या आत काम आटपायचं. पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवायची नाही. माणूस अंग न चोरता सरळ चालत जाईल एवढी वाट सोडायची. रिकामं बारदान आत नाही. टेम्पो दाराला लागला की आधी इंजिन बंद, मग हमालांनी हात लावायचा. आणि बिडी-काडी रस्त्यावरच्या चिंचेच्या ढोलीत ठेवून आत यायचं. गावातल्या कर्त्या माणसांना हे फार लागलं. "देवळात बी येवढं न्हाई," असं ते म्हणायचे आणि मुकाट्यानं ढोलीत काडेपेटी ठेवायचे.

मी ह्यात कसा आलो, तर मी रिकामा होतो म्हणून. पुण्यात गोदामांच्या आगीबद्दल एक दिवसाचं शिबिर होतं. गटातल्या बायकांना काढणी सोडून जाता येईना. "भावजींना धाडा," वहिनी म्हणाल्या, "त्यांस्नी बसायची सवय हाय." मी गेलो, बसलो, जेवलो आणि भिंतीवर लावायचा एक मोठा रंगीत तक्ता घेऊन आलो. त्या दिवसापासून गाव मला फायरसाहेब म्हणायला लागलं. मला ते आवडत नव्हतं असं मी सांगितलं असतं, पण माझी बायको हे वाचणार आहे.

शिकून आल्यावर शिकवणं आलं. गोदामापुढं बायका जमल्या. आबाही आले, कारण कुणाची फजिती होणार असली की आबांना आधी वास लागतो. मी तक्ता टांगला, सगळा मोठ्यानं वाचला आणि प्रात्यक्षिकासाठी आग विझवायचा लाल सिलिंडर उचलला. गटानं दोन घेतले होते.

"आधी ही पिन ओढायची," मी म्हणालो, आणि ओढली.

ती येईना.

झालं होतं असं, की दसऱ्याला गटानं गोदामातल्या सगळ्या अवजारांची पूजा केली होती. वजनकाट्याची केली, घमेल्याची केली, मग ह्या दोघांनाच का वगळायचं? हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि माळ घसरू नये म्हणून लाल-पिवळा नाडा सिलिंडरच्या मानेला, मुठीला आणि पिनेला मिळून आवळून बांधला. पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या बायकांच्या हातची गाठ ती. मी ओढतोय, गाठ आवळतेय.

"भावजी, नवस बोला काय तरी," एकजण म्हणाली.

"आगीला म्हनायचं, थांब बाई जरा, सायेब गाठ सोडत्यात," दुसरी.

आबा पुढंच बसले होते. त्यांनी फक्त मांडी बदलली, नीट दिसावं म्हणून.

कुणीतरी विळा आणून दिला. नाडा तुटला, पिन एकदम हातात आली, आणि नळी कुठं धरली आहे हे बघायच्या आत मी मूठ दाबली. पांढऱ्या पावडरीचा लोट माझ्याच पायांवर आदळून वर आला. गिरणीत पडून पीठ झाल्यासारखा मी उभा. बायका हसून हसून खाली बसल्या. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला विळा घेतला, दुसऱ्या सिलिंडरचा नाडा कापला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "फुडल्या दसऱ्याला हळदकुंकू लावायचं, फुलं पायाशी ठेवायची. गाठ न्हाई मारायची." मग मला म्हणाल्या, "तोंड धुवून या आन् ते परत वाचा. सगळं."

मी परत वाचलं. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं. "ते दाराचं काय?"

"आग बाहेर लागली असेल तर गोदामाची दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात."

"का?"

"ठिणग्या आत जातात. वारा आत जातो." हे तक्त्यात नव्हतं, शिबिरातल्या माणसानं सांगितलं होतं, आणि जेवणाआधी सांगितल्यामुळे माझ्या लक्षात राहिलं होतं.

वहिनींनी मान डोलावली. बायकांचं हसणं अजून चाललंच होतं.

आता आबांविषयी. आबा आमचे भाऊबंद नव्हेत, शेजारी. त्यांचं खाचर गोदामाच्या पश्चिमेला, मधल्या बांधाच्या लगेच पलीकडं. आणि आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. खाचराच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, टहाळ, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेत रोप जोमानं येतं. राबाची जागा ठरलेली असते. आबांची जागा गोदामापासून हाकेच्याही अलीकडं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा.

वहिनी बोलायला गेल्या, मी बरोबर होतो.

"आबा, यंदा राब जरा खालच्या खाचरात घ्या की."

"का? हितल्या मातीनं काय पाप केलं?"

"मातीचं न्हाई वो. वाऱ्याचं म्हनते म्या."

"वारा माझ्या बापाच्या येळंपास्नं हितंच हाय. तुझं गोदाम काल आलं. त्याला सांग सरकाय."

"तुमचं पोतं बी आतच हाय, आबा."

"हाय ना? मग मला काळजी न्हाई व्हय? सारा जल्म राब भाजला म्या. कुनाची काडी जळली न्हाई."

परत येताना मी वहिनींना म्हटलं, आपण फलक लावू. 'येथे जाळण्यास सक्त मनाई आहे.' नाहीतर तहसीलदारांकडं अर्ज देऊ, मी लिहून देतो. अर्ज लिहिणं हे एकच काम मला बरं येतं.

"अर्ज दिला की आबा माझ्याशी बोलायचं बंद करनार," वहिनी म्हणाल्या. "मग ते राब कवा पेटवनार ते मला कोन सांगल? फलक?"

 माणसाचं बोलणं चालू ठेवणं हाही आगीचा बंदोबस्त असतो, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी त्या परत गेल्या, ह्या वेळी हात हलवत नाही, तर सौदा घेऊन. गोदामाभोवतीचं आणि मधल्या बांधावरचं सगळं गवत त्या कापून काढणार होत्या. ते आबांना राबासाठी हवंय का? फुकट, आणि वर गटातल्या बायका नेऊन टाकणार. आबांच्या घरात गवत कापायला हात पुरत नव्हते. ते खूश झाले आणि खूश झालेलं दिसू नये म्हणून खोकले. अशा रीतीनं गोदामाच्या चारी बाजूंनी बैलगाडी फिरेल एवढी पट्टी उघडी झाली. वहिनींनी ती नुसती खरवडली नाही, शेणानं सारवली. पाचोळा पडला तर लगेच दिसावा आणि झाडून टाकता यावा म्हणून. गाव म्हणायला लागलं, हिच्या गोठ्यापेक्षा हिचं गोदाम चकचकीत. आबांशी ठरलं एवढंच, की राब सकाळी, वारा उठायच्या आत पेटवायचा, आणि आधी हाक मारायची.

आबांनी शब्द पाळला. हाक मारली. मी सुट्टी घेऊन आदल्या संध्याकाळीच भोरहून आलो होतो. फायरसाहेबाशिवाय कसं चालेल? सकाळी बघतो तर वहिनींची तयारी झालेली. पाण्यानं भरलेली पिंपं, भिजवलेलं बारदान, आग झोडायला ओल्या पाल्याच्या डहाळ्यांचा ढीग. दादा शिडी लावून पत्र्याच्या पन्हाळीतला पाचोळा काढत होते. गटातल्या बायका पदर खोचून उभ्या. सगळं होतं, फक्त काडी ओढायची राहिली होती, आणि आबा काडी ओढेनात.

कारण जावई येणार होते. आबांची लेक सारोळ्याला दिलेली. तिकडं नदीकाठचा ऊस, राब कुणाला माहीत नाही. जावयानं म्हणे सहज म्हटलं होतं, एकदा बघायचंय. झालं. जावयानं बघायचंय म्हटल्यावर आमच्याकडं सूर्यसुद्धा थांबवतात.

"आबा, ऊन चढलं. पेटवा," वहिनी म्हणाल्या.

"कापूरहोळपतुर आलाय. आत्ता फोन झाला."

"त्यांस्नी राख दावा मग."

"राख काय दावायची? राख सारोळ्यात बी हाय."

लोक हसले. चहा झाला. कापूरहोळला जावयाच्या टेम्पोपुढं कसलीशी वरात आडवी आली होती म्हणे. परत चहा झाला. चिंचेचा शेंडा हलायला लागला तसं वहिनींनी त्याकडं बोट केलं.

"आज नगं, आबा. उद्या उजाडता उजाडता करू. जावयांस्नी मुक्काम करू द्या, म्या सुकट करते."

तेवढ्यात टेम्पो आला. जावई उतरले, मोबाईल आधीच हातात. "मामा, चालू करा, व्हिडिओ घेतोय!" वहिनी पिंपाकडं वळल्या होत्या. त्यांनी मागं बघेपर्यंत आबांनी काडी ओढली होती. जावयासमोर उद्यावर ढकलणं त्यांच्यानं झालं नाही. मला वाटतं त्यांच्या जागी मी असतो तर माझ्यानंही झालं नसतं.

राब भडकत नाही, धुमसतो. वर माती असते. पहिली काही मिनिटं तसाच धुमसला, आबा जावयाला थर समजावून सांगत होते. मग खालच्या अंगानं वाऱ्याचा एक लोट आला आणि वरची माती चादर ओढल्यासारखी निघाली. खालचा पाला एकदम फुलला. ठिणग्या उडाल्या त्या आबांच्या वरच्या बांधावर. तिथलं गवत आबांच्या हद्दीतलं, न कापलेलं. ते कुरकुर वाजायला लागलं, आणि बघता बघता तो बांध गोदामाच्या दिशेनं पेटत निघाला.

आता खरं तर सगळ्यांनी पाण्याकडं आणि डहाळ्यांकडं धावायला हवं होतं. आम्ही सगळे गोदामाच्या दाराकडं धावलो. सगळ्यांच्या मनात एकच. माझं पोतं. हिरव्या चिंधीचं, जांभळ्या चिंधीचं. बायका ओरडताहेत, "दार उघडा! बी काढू द्या!" आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा. व्हिडिओत दुसऱ्या कुणाचा ऐकूच येत नाही. "वहिनी, दार उघडा! पोती बाहेर काढू! दार उघडा!"

वहिनी आमच्या आधी तिथं पोचल्या होत्या. शटरला पाठ लावून उभ्या. किल्ली कनवटीला.

"उघडायचं न्हाई."

"अगं, माझं बियानं हाय आत!" आबांचा आवाज फाटला. "माझं मला दे!"

"तुमचं हाय म्हनूनच न्हाई देत, आबा. तुमी समदी पोती वढीत बसल्यावर आग कोन मारनार? आन् दार उघडं टाकलं की ठिनगीला वाटच झाली."

"दार उघडा!" हा मीच.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "भावजी, तुमच्या तक्त्यावर दाराचं काय लिवलंय?"

आणि मी, शाळेत गुरुजींनी उठवावं तसा, हात शिवणीला लावून म्हणालो, "आग बाहेर लागली असेल तर गोदामाची दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात." एक श्वास घेतला, आणि परत ओरडलो, "दार उघडा!"

व्हिडिओतल्या ह्याच जागी आमच्याकडं लोक मागं नेऊन पुन्हा बघतात.

"मग डहाळी घ्या," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पण त्यांच्या अंगावरून आत जायचं असेल तर त्यांना ढकलावं लागलं असतं, आणि ते कुणाच्यानं झालं नसतं. एक बाई वळली. तिच्यामागं दुसरी. मग सगळीच वळली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. धुरात डोळे गळताहेत. ओल्या डहाळीचा फटका, वाफ, परत फटका. दादा शिडीवर, बादलीनं पत्र्यावर पाणी मारतायत.  ठिणग्या छपरावर पडत होत्या आणि पन्हाळीत धरायला काही नसल्यामुळे नुसत्याच काळ्या होत होत्या. जावयाच्या टेम्पोवरची ताडपत्री एका कोपऱ्यात पेटली, तर गटातल्याच एकीनं सिलिंडर उचलला, पिन काढली आणि नळी जिकडं धरायची तिकडं धरून दोन झटक्यांत विझवली. माझं प्रात्यक्षिक अगदीच वाया गेलं नव्हतं. काय करायचं नाही ते तिनं नीट बघून ठेवलं होतं.

बांधावरची आग धावत आली ती सारवलेल्या पट्टीपर्यंत. तिथं तिला काही सापडेना. जमिनीवर चाटल्यासारखी जीभ फिरवली, डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि आमच्या फटक्यांखाली बसली.

सगळ्यांची तोंडं काळी. जो तो दाराकडं बघायला लागला. "आता तरी उघडा, वयनी. बघू तरी."

"थांबा."

वहिनी गोदामाभोवती फिरल्या. पत्र्यावर तळहात ठेवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बांध धुमसत होता तिथं पाणी ओतायला लावलं. आबांच्या राबाची राख वाहून जाईल म्हणून कुणी कचरत होतं, तर त्यांनी स्वतः बादली रिकामी केली. परत फिरल्या. परत तळहात. आबा लांब बांधावर आमच्याकडं पाठ करून बसले होते. जेवायला हाक मारली तर आले नाहीत. ऊन कललं, पत्रा रोजच्या उन्हात तापतो तेवढाच तापलेला आहे अशी वहिनींची खात्री पटली, तेव्हा कुठं त्यांनी किल्ली काढली.

शटर वर गेलं. आत गार, काळोख आणि भाताचा वास. थप्प्या जशाच्या तशा, चिंध्या लोंबताहेत.  सगळ्यांच्या आधी आबा आत शिरले, न विचारता. आपलं पोतं शोधलं, तोंड सोडलं आणि हात कोपरापर्यंत आत खुपसला. दाणे चाळवून पाहिले. मग चिंधी परत बांधली, बाहेर आले आणि जावयाला म्हणाले, "चला." वहिनींकडं बघितलं नाही.

सगळे गेल्यावर वहिनींनी मला आणि दादांना चहा दिला. स्वतःला बशीत ओतून घेतला.

"येक सांगू, भावजी?" त्या म्हणाल्या. "आधीच येखादी ठिनगी फटीतनं आत गेलेली असती, आन् म्या दार धरून बसले असते तर? माझ्याच हातानं समद्यांचं जाळलं असतं."

  दादांनी उठून त्यांच्या हातातली बशी घेतली आणि स्वतः विसळायला गेले. आमच्या घरात हे पहिल्यांदाच बघितलं मी.

बियाणं वाटायच्या दिवशी सगळी आली. हसत, पोती डोक्यावर घेऊन गेली. आबांनी सुनेला पाठवलं. तिनं खालच्या मानेनं निरोप सांगितला, "मामंजी म्हनले, दुसऱ्याच्या कुलपात आपलं बी आता नगं. यंदापास्नं घरात ठेवू."

वहिनी "बरं" म्हणाल्या. पोतं तिच्या डोक्यावर द्यायला स्वतः हात लावला. नंतर चुलीपाशी बसल्या असताना म्हणाल्या, "बी वाचलं आन् मानूस गेलं." आबांनी खरंच बोलणं सोडलं होतं. पेरलं, उगवलं; आबांचं रोप तर असं दाट आलं, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पण पावसाळाभर ते आमच्या दारावरून गेले ते दुसऱ्या बाजूला बघत. घरात बी ठेवायचं म्हणजे उंदीर आणि ओल, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वहिनींना ते पोतं पुढच्या वर्षी उगवणार नाही ह्याची चिंता लागली होती. मला म्हणायच्या, "भात त्यांचं हाय, पर तांबडं हाय ते, आन् तांबडं आता दोनच घरात राह्यलंय."

दिवाळीनंतर झोडणी झाली. माणसं नवं बी घेऊन यायला लागली. मी सुट्टीला गावी होतो. एका दुपारी सारोळ्याचा तो टेम्पो आला. रस्त्यावरच थांबला, इंजिन बंद झालं. आबा उतरले. पाठीवर पोतं घेतलं. जावई "द्या की मामा" म्हणत मागं मागं, तर त्यांना झिडकारलं. दारात येऊन पोतं टेकवलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. 

वहिनींनी चिंधी सोडली. मूठभर भात काढलं, एक दाणा दाताखाली धरला. आम्हाला वाळलेल्या दाण्याचा आवाज माहीत आहे, कट् करून तुटतो. हा तुटला नाही, दबला.

"ओलं हाय, आबा," वहिनी म्हणाल्या. "थप्पीत तापंल, उगवा जाईल. परत न्या. दोन उन्हं द्या आन् मग आना."

मी डोळे मिटले. सात-आठ महिन्यांनी माणूस स्वतःच्या पायानं दारात आलाय, आणि ही बाई त्याला परत पाठवतेय! खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेवर आलं होतं, वहिनी, राहू द्या हो, एवढंसं चालतंय. सुदैवानं आवाज फुटला नाही.

आबांनी स्वतः एक दाणा उचलला. चावला. दुसरा चावला. वहिनींकडं बघितलं.

"हायच जरा," म्हणाले.

मग पोतं परत पाठीवर घेतलं, आणि घराकडं वळायच्या ऐवजी गोदामाच्या बाजूच्या सारवलेल्या पट्टीवर गेले. जावयाला म्हणाले, "ताडपत्री आना. हितंच वाळवतो. हितं ऊन बरं लागतंय." भात पसरलं, पायानं रेघा ओढल्या आणि शेजारी बसले. थोड्या वेळानं, कुणाकडंही न बघता, बोलले, "राब यंदा खालच्या खाचरात घ्यावा म्हनतो. ह्या जागंची माती दमली."

"बरं हाय," वहिनी म्हणाल्या. चेहरा अगदी सरळ. आत जाऊन चहा टाकला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात वर केला. "फायरसायेब, तोंड नगं. चिमन्या हाका."

मी दोन उन्हं चिमण्या हाकत बसलो.